चपलांच्या दुकानाची जुनी वेबसाइट आजच्या पद्धतीनं कशी बांधायची

कोल्हापुरात चप्पल लाईनपासून गुजरीपर्यंत आणि उद्यमनगरापासून शिरोली एमआयडीसीपर्यंत दुकानांच्या, कारखान्यांच्या अनेक वेबसाइट दहा-बारा वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यांची घडण साधारण एकच: वर पाच फोटोंचा फिरता स्लायडर, जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी, बूटस्ट्रॅप या तयार साच्याची तिसरी आवृत्ती, सर्व्हरवर तयार होणारी पीएचपीची पानं, आणि मराठी मजकूर असलाच तर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून फोटो म्हणून चिकटवलेला. त्या काळात हे बरोबरच होतं. प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी होती, इंटरनेट एक्सप्लोरर सांभाळावा लागे, आणि ती सांभाळासांभाळ जेक्वेरी करायची. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररचा आधार संपला. त्यानंतर ब्राउझरमध्येच इतकं काही आलंय, की जुन्या साइटवर आज बरंचसं काम सामान बाहेर काढण्याचं असतं.

इथं उदाहरणाला एक चपलांचं दुकान घेऊ. चाळीसेक नमुने, कापशी, कुरुंदवाडी असे प्रकार, मापं, किंमत, आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर. सराफाचं, गुळाच्या व्यापाऱ्याचं किंवा फाउंड्रीचं काम असेल तरी क्रम हाच ठेवा.

आधी मोजा

ऑफिसच्या वायफायवर, मोठ्या स्क्रीनवर साइट कशी उघडते यावरून काही ठरवू नका. गिऱ्हाईक फोनवर असतं. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी उसळली की महाद्वार रोडवर फोनला रेंजच्या कांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. गगनबावड्याच्या घाटात कांड्याही दिसतीलच असं नाही. त्या माणसाला समोर ठेवून मोजायचं.

आकडे तीन आहेत. पानावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत हवा. बोट टेकल्यापासून स्क्रीनवर काहीतरी हलेपर्यंतचा वेळ, म्हणजे आयएनपी, २०० मिलिसेकंदांच्या आत. पान उघडताना मजकूर किती उड्या मारतो त्याचं माप, म्हणजे सीएलएस, ०.१ च्या आत. १०० पैकी ७५ भेटींमध्ये तरी आकडा या मर्यादेत बसला पाहिजे. इथं सरासरी चालत नाही. यातला आयएनपी मार्च २०२४ पासून आला. त्याआधीचं माप फक्त पहिल्या स्पर्शाचा उशीर धरायचं, त्यामुळं मेनू अडकत अडकत उघडणारी साइटही त्यात पास व्हायची.

क्रोमची डेव्हलपर टूल्स उघडा. नेटवर्कला स्लो फोरजी लावा, सीपीयू चारपट मंद करा, कॅशे (ब्राउझरनं आधी साठवलेल्या फाईली) बंद करा, स्क्रीन ३६० पिक्सेल रुंद ठेवा. लाइटहाउस हे क्रोममधलंच मोजणीचं साधन तीनदा चालवून मधला आकडा धरा, कारण एकाच वेळचा आकडा बराच हलतो. लाइटहाउस स्वतः बोट टेकवत नाही, म्हणून त्यात आयएनपी येत नाही. त्यासाठी परफॉर्मन्स टॅब उघडून मेनू, मापाची निवड, फोटो मोठा करणं हे हातानं करून बघा. शेवटी कव्हरेज टॅब बघा. आलेल्या जावास्क्रिप्ट (पानाचं वागणं) आणि सीएसएस (पानाचं रूप) यांपैकी किती वापरलंच गेलं नाही ते तिथं लाल पट्टीत दिसतं. सगळे आकडे तारखेसह लिहून ठेवा. दुकानदाराला काम पटवून देताना हीच पानं उपयोगी पडतात.

सामान बाहेर काढण्याचा क्रम

सुरुवात बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्टपासून करा. प्रत्येक स्क्रिप्ट टॅगचा पत्ता वाचा आणि ती कोण वापरतंय ते शोधा. बंद पडलेली चॅटची खिडकी, भेटी मोजणारा जुना काउंटर, २०२३ च्या जुलैत थांबलेलं गूगलचं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स, सगळं काढा. पॉलिफिल डॉट आयओचा (जुन्या ब्राउझरना नव्या सोयी पुरवणाऱ्या स्क्रिप्टचा) पत्ता दिसला तर तो त्याच दिवशी काढा. ते डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्याच्या हातात गेलं आणि जूनमध्ये त्यातून घातक कोड येत असल्याचं उघड झालं. जी स्क्रिप्ट ठेवायचीच आहे तिची प्रत शक्यतो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा.

जेक्वेरी सर्वांत शेवटी निघते. स्लायडर, लाइटबॉक्स, मेनू, फॉर्मची तपासणी, सगळे तिच्यावर उभे असतात. घाईनं ती आधी काढलीत तर कन्सोलवर ‘डॉलर इज नॉट डिफाइन्ड’ येतं आणि त्याच फाईलमधला पुढचा सगळा कोड थांबतो.

स्लायडरच्या जागी एकच चांगला फोटो ठेवा. अनेक फोटो हवेतच असतील तर आडवी सरकणारी रांग करून तिला सीएसएसचं स्क्रोल-स्नॅप लावा, स्क्रिप्टची एक ओळही लागत नाही. लाइटबॉक्सच्या जागी डायलॉग टॅग. तो २०२२ च्या मार्चपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे. इथं एक चूक फार होते: डायलॉग उघडायला थेट ओपन हे ॲट्रिब्यूट लावलं जातं. त्यानं खिडकी दिसते, पण मागचं पान दाबता येतं, पार्श्वभूमी काळी होत नाही. शोमोडल या फंक्शननंच उघडा. मग एस्केपनं बंद होणं, मागचं पान गोठणं, टॅब कीचा फोकस आत राहणं हे सगळं ब्राउझर करतो. ‘माप कसं घ्यावं’, ‘परत कसं करावं’ अशा उघडझाप होणाऱ्या प्रश्नांना डिटेल्स आणि समरी हे दोन टॅग पुरतात.

जेक्वेरीचा कोड साध्या जावास्क्रिप्टमध्ये बदलताना दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. पहिली: जेक्वेरीला शोधलेला घटक सापडला नाही तरी ती गप्प पुढं जाते. साध्या जावास्क्रिप्टमधला क्वेरीसिलेक्टर मात्र नल, म्हणजे ‘काही नाही’, देतो आणि पुढची ओळ फुटते. मुख्य पानावर चालणारा कोड ‘संपर्क’ पानावर पडतो तो याच कारणानं. दुसरी: सर्व्हरनं ४०४ (पान नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) दिला की जेक्वेरीचं एजॅक्स, म्हणजे सर्व्हरकडं मागणी पाठवणारं फंक्शन, ‘चूक झाली’ या वाटेला जायचं. त्याजागी येणाऱ्या फेचच्या लेखी ती यशस्वी फेरीच असते. रिस्पॉन्सचं ओके तपासलं नाही तर ऑर्डर गेलेली नसते आणि गिऱ्हाइकाला ‘धन्यवाद’ दिसतं. जेक्वेरी काढून तीसेक केबी वाचतात, प्लगइनसकट धरले तर त्याच्या कितीतरी पट.

बूटस्ट्रॅपच्या रांगांऐवजी सीएसएस ग्रिड वापरा. चपलांच्या यादीला रिपीट, ऑटो-फिल आणि मिनमॅक्समध्ये १६० पिक्सेल ते १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा) एवढं पुरतं. स्क्रीनच्या रुंदीप्रमाणं वेगळे नियम लिहिणारी मीडिया क्वेरी लागत नाही. पण बेरीज करून बघा. ३६० पिक्सेलच्या फोनवर दोन्ही कडांना १६ पिक्सेल सोडले की ३२८ उरतात. दोन कार्डांचे ३२० आणि मधली फट ८, बरोब्बर बसतं. कुणीतरी फट १२ केली की ३३२ होतात आणि फोनवर शेजारी शेजारी दोनाऐवजी एकच कार्ड दिसू लागतं. मग ‘ग्रिड बिघडलं’ म्हणून तासभर जातो.

नवी सोय वापरावी की नाही हे अंदाजानं ठरवू नका. बेसलाइन ही खूण आता कागदपत्रांत प्रत्येक सोयीपुढं असते: सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आली की ‘नवी उपलब्ध’, आणि त्यानंतर ३० महिने झाले की ‘सर्वत्र उपलब्ध’. कंटेनर क्वेरी (घटकाच्या स्वतःच्या रुंदीप्रमाणं रूप बदलणं) २०२३ च्या फेब्रुवारीत सगळीकडं आल्या, हॅज हा सिलेक्टर (आत काय आहे त्यावरून घटक निवडणं) त्याच वर्षीच्या डिसेंबरात. दुकानाच्या साइटला, जिथं जुने फोन येणारच, ३० महिन्यांचा नियम धरा. ज्याच्याशिवाय पान फक्त थोडं साधं दिसतं, ते आधी वापरलं तरी चालतं.

फोटो

दुकानदार फोनवर काढलेले तीन-चार एमबीचे फोटो पाठवतो आणि जुन्या साइटवर ते तसेच चढवलेले असतात. मूळ फोटो वेगळे जपून ठेवा आणि प्रत्येकाच्या ४८०, ८०० आणि १२०० पिक्सेल रुंदीच्या प्रती काढा. एव्हिफ आणि वेबपी या दोन प्रकारांत काढून पिक्चर टॅगमध्ये त्याच क्रमानं द्या, शेवटी जेपीजी. एक-दोन फोटो असतील तर ब्राउझरमध्ये चालणारं स्क्वूश पुरतं, चाळीस नमुन्यांचे दोनशे असतील तर नोडमधली शार्प ही लायब्ररी. फोटो आडवे झाले तर कॅमेऱ्यानं लिहिलेली दिशा रूपांतरात पुसली गेली आहे; शार्पमध्ये आधी रोटेट करून मगच आकार बदला. रंग एसआरजीबीमध्येच उतरवा. नाहीतर कातड्याचा तांबूस रंग काही स्क्रीनवर फिका पडतो आणि ‘फोटोत वेगळी दिसत होती’ म्हणून जोड परत येतो.

एव्हिफची गुणवत्ता ५० च्या आसपास ठेवून सुरुवात करा, पण प्रत्येक फोटो एकदा पूर्ण आकारात बघा. एव्हिफ बारीक, कमी उठावाचा पोत पुसून सपाट करतो. चपलेच्या पट्ट्यावरची वेणी जवळून बघा: कातड्याच्या बारीक दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या पाहिजेत. त्यांचा तपकिरी पट्टा झाला असेल, तर हातकामच पुसलं गेलं. अशा जवळच्या फोटोंना गुणवत्ता ६५ पर्यंत न्या. चार केबी जास्त गेले तरी चालतील, त्या वेणीसाठीच गिऱ्हाईक कोल्हापुरी घेतं.

प्रत्येक इमेज टॅगला रुंदी आणि उंचीचा आकडा द्या, सीएसएसमध्ये उंची ऑटो ठेवा. ब्राउझर त्या प्रमाणात जागा आधीच राखतो आणि फोटो उतरल्यावर मजकूर उड्या मारत नाही. साइझेस, म्हणजे फोटो स्क्रीनवर किती रुंद दिसणार ते सांगणारं ॲट्रिब्यूट, लिहायला विसरू नका; ते नसेल तर ब्राउझर फोटो पूर्ण स्क्रीनभर धरतो आणि अर्ध्या रुंदीच्या कार्डाला मोठी प्रत उतरवतो. खालच्या फोटोंना लोडिंग लेझी लावा. वरच्या मुख्य फोटोला ते कधीही लावू नका, त्याला फेचप्रायॉरिटी हाय द्या. सगळ्या फोटोंना सरसकट लेझी लावणं हे एलसीपी बिघडण्याचं फार सापडणारं कारण आहे. तसाच मुख्य फोटो सीएसएसच्या बॅकग्राउंडमध्ये असेल तर टॅगमध्ये आणा, कारण ब्राउझर पान वाचताना टॅगमधला फोटो लगेच मागवतो. सीएसएसमधला त्याला उशिरा कळतो.

मराठी मजकूर नीट बसवा

मराठी साइट इथं सर्वांत जास्त चुकते, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत याबद्दल क्वचितच काही सापडतं.

फोटोतला मजकूर आधी बाहेर काढा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन दुकानदाराला अभिमानानं दाखवायचं असतं, आणि नेमकं तेच बॅनरच्या फोटोत अडकलेलं असतं. ते शोधात सापडत नाही, मोठं करून वाचता येत नाही, अंध वाचकाला ऐकू येत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग माणसानं तो ओळन्‌ओळ वाचा. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळं जोडाक्षरांवरच्या वेलांट्या आणि रफार भलत्या अक्षरावर बसतात.

एचटीएमएल टॅगला लँगची, म्हणजे पानाच्या भाषेची, किंमत एमआर (मराठी) द्या. कॉपी केलेल्या साच्यात ती बहुधा ईएन (इंग्रजी) असते, कधी एचआय (हिंदी). फरक डोळ्यांनी दिसतो: ‘शाल’ हा शब्द एकदा एमआर आणि एकदा एचआय लावून शेजारी ठेवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे श आणि ल वेगळे उमटतात. फरक दिसला नाही तर फॉन्टमध्ये ती सोय नाही, दुसरा बघा.

देवनागरी फॉन्टची फाईल लॅटिनपेक्षा बरीच जड असते, म्हणून दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक. वूफ-टू या वेबच्या फॉन्ट प्रकारात स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप करा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर साध्या फॉन्टमध्ये दिसतो. फाईल कापून लहान करायची तर फॉन्टटूल्समधलं पायएफटीसबसेट वापरा. युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा सगळा पट्टा, सोबत २००सी आणि २००डी हे न दिसणारे जोडक, २५सीसी हे ठिपक्यांचं वर्तुळ, आणि रुपयाच्या चिन्हासाठी २०बी९ घ्या. लेआउट फीचर्स सगळी ठेवा. जोडाक्षरांचे नियम त्यातच असतात. ती गळाली की ‘महाद्वार’ पाय मोडून दिसतो. २००डी गळालं की काही ठिकाणी ‘व्यापाऱ्यांना’मधला ऱ्या फुटतो. तपासायला एक ओळ कायम हाताशी ठेवा: ‘दुसऱ्या कार्यालयात श्रद्धेनं क्षणभर ज्ञान’.

लेटर-स्पेसिंग मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी साच्यातली मोकळी मोकळी शीर्षकं मराठीत आणली की हेच होतं. ओळीची उंची १.६ ते १.७ ठेवा. १.२ ठेवून कार्डाला ओव्हरफ्लो हिडन लावलं की वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात.

लांब नावं जावास्क्रिप्टनं वीस अक्षरांवर कापू नका. संगणकाच्या मोजणीत ‘क्षि’ म्हणजे चार खुणा, आणि काप मध्येच पडला की पाय मोडलेला क उरतो. सीएसएसचं लाइन-क्लॅम्प वापरा, ते ठरावीक ओळींनंतर कापतं. कोडमधूनच कापायचं असेल तर ब्राउझरमधल्या इंटल या भाषेच्या सोयींतला सेगमेंटर. किंमत दाखवायला इंटल नंबरफॉरमॅटला एमआर-आयएन द्या; १२५००० चं १,२५,००० आपोआप होतं, लाखाचा स्वल्पविराम जागेवर पडतो. नावांची यादी लावताना नुसतं सॉर्ट वापरलं तर ळ हा ल च्या पाठोपाठ येतो. इंटल कोलेटर मराठी क्रमानं तो ह नंतर नेतो.

ऑर्डरचा फॉर्म

चारच रकाने ठेवा: नाव, फोन, पिनकोड, माप. अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी ठेवलात तर आयफोनवर रकान्याला हात लावताच पान मोठं होऊन सरकतं. फोनच्या रकान्याचा प्रकार टेल ठेवा, पिनकोडला इनपुटमोड न्यूमेरिक.

मराठी कीबोर्ड वापरणारं गिऱ्हाईक ४१६ नं सुरू होणारा पिनकोड देवनागरी आकड्यांत लिहू शकतं. जावास्क्रिप्टमधली बॅकस्लॅश डी ही आकडा ओळखण्याची खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते, त्यामुळं फॉर्म ‘चुकीचा पिनकोड’ म्हणून नाकारतो आणि माणसाला आपलं काय चुकलं ते कळत नाही. तपासण्याआधी आकडे बदलून घ्या. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे. अक्षराच्या क्रमांकातून तो वजा केला की इंग्रजी आकडा मिळतो. हेच सर्व्हरवरही करा.

व्हॉट्सॲपचा दुवा करताना नंबर ९१ पासून लिहा, आधी अधिकचं चिन्ह नको. मजकूर दुव्यात बसेल असा करणाऱ्या एन्कोडयूआरआयकंपोनंट या फंक्शनमधून काढा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्यात नऊ अक्षरांचं होतं, म्हणून संदेश आटोपशीर ठेवा: नमुन्याचा क्रमांक, माप, रंग. पत्ता गप्पांत विचारता येतो.

बांधणी कशात करायची

चाळीस नमुन्यांच्या दुकानाला पूर्ण रिॲक्ट ॲपची गरज नाही. ॲस्ट्रो किंवा इलेव्हन्टी हे पानं आधीच तयार करून ठेवणारं साधन घ्या, नमुन्यांची माहिती एका जेसन (साध्या मजकुरातल्या) फाईलमध्ये ठेवा. बिल्ड केल्यावर तयार एचटीएमएल पानं निघतात. ॲस्ट्रोमध्ये मापाच्या निवडीपुरतीच स्क्रिप्ट त्या एका भागाला देता येते. मात्र मालक स्वतः रोज किमती बदलणार असेल आणि त्याला वर्डप्रेसचा हात बसलेला असेल, तर वर्डप्रेसच ठेवा. पीएचपीची चालू आवृत्ती, साधी थीम आणि मोजके प्लगइन एवढं पाळा. मालकाला वापरता येत नाही अशी झटपट साइट दोन महिन्यांत शिळी होते.

नवीन काम क्रिएट रिॲक्ट ॲपवर सुरू करू नका, ते २०२५ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे मागं पडलं. रिॲक्ट लागलंच तर व्हीट हे बांधणीचं साधन घ्या. जुन्या फ्रेमवर्कपैकी अँग्युलरजेएसचा आधार २०२१ अखेरीस आणि व्ह्यू-टूचा २०२३ अखेरीस संपला. त्यांत केलेल्या साइट चालत असल्या तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत.

एआय सहायकाकडून कोड घेत असाल तर तीन गोष्टी बघा. न मागता तो जेक्वेरी किंवा जुना साचा पुढं करतो का, पॅकेजचं नाव खरंच अस्तित्वात आहे का, आणि मराठी मजकुरावर कोड चालतो का. कधी कधी तो ऐकायला खरं वाटणारं, पण नसलेलं पॅकेज सुचवतो, आणि अशा नावानं कुणीतरी घातक पॅकेज चढवून ठेवलेलं असू शकतं. इन्स्टॉल करण्याआधी एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या साठ्यावर त्याचं पान उघडून कोण सांभाळतंय, शेवटचा बदल कधीचा, ते वाचा. लॉक फाईल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) गिटमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदवहीत, ठेवा आणि सर्व्हरवर त्याच यादीप्रमाणं बसवणारं एनपीएम सीआयच चालवा.

साइट चढवताना

जुन्या साइटच्या सगळ्या पत्त्यांची यादी काढा. प्रॉडक्ट डॉट पीएचपी, आयडी १७ असा प्रत्येक पत्ता नव्या पानाकडं ३०१ नं (पत्ता कायमचा बदलल्याच्या खुणेनं) वळवा. सगळे पत्ते मुख्य पानाकडं वळवू नका, गूगल त्याला सापडत नसलेलं पान समजतं आणि वर्षानुवर्षं साठलेली ओळख जाते.

बिल्डमध्ये नावाला हॅश (मजकूर बदलला की बदलणारी खूण) लागलेल्या सीएसएस, जेएस आणि फोटोंना एक वर्षाचं कॅशे द्या, एचटीएमएलला नो-कॅशे. उलट झालं तर किंमत बदलूनही गिऱ्हाइकाला जुनीच दिसते. साइटच्या एचटीटीपीएस प्रमाणपत्राचं नूतनीकरण हातानं करण्याची सवय मोडा: १५ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत २०० दिवसांवर आली, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस होणार आहे. ज्या होस्टिंगवर ते आपोआप होत नाही, ते आत्ताच बदला.

चढवल्यावर सुरुवातीचे आकडे पुन्हा त्याच अटींवर घ्या आणि वहीतल्या आकड्यांशेजारी लिहा. गूगलच्या सर्च कन्सोलमधले आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात, म्हणून पहिल्या आठवड्यात ते हलले नाहीत तरी लगेच काही बदलू नका. तेवढे दिवस रोज सर्व्हरचा ४०४ चा लॉग बघा. निसटलेला जुना पत्ता दिसला की वळवा. लॉग दोन आठवडे शांत राहिला, की जुन्या होस्टिंगचा पूर्ण बॅकअप मालकाच्या हातात द्या आणि मगच ते बंद करा.